छाती उघडायची की मांडीतून जायचं?

भावाच्या साइनस ऑफ वाल्साल्वाचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, म्हणजे महाधमनीच्या, मुळाशी असलेल्या खळग्याचा) फुगा फुटलाय, चिरफाड टाळता येईल का, असं विचारलंत म्हणून लिहितोय. आमच्या मेव्हण्याचं हेच झालं होतं. ठाणे स्टेशनचा जिना चढताना धाप लागायची, आम्ही ॲसिडिटी समजत होतो! डॉक्टरांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला तर लब-डब कुठलं, पिठाच्या गिरणीसारखी अखंड घरघर. हा फुगा बहुतेकदा हृदयाच्या उजव्या कप्प्यात फुटतो आणि महाधमनीतलं रक्त तिकडे घुसत राहतं.

डिव्हाइस, म्हणजे मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळीने नेऊन भोक बुजवणारं झाकण, १९९४ पासून बसवतात, पण सरसकट नाही. अन्ननलिकेतून केलेला इको (हृदयाची सोनोग्राफी) बघा. सोबत हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, महाधमनीची झडप जास्त गळणारी किंवा जंतुसंसर्ग असेल तर ओपनच, म्हणजे छाती उघडून ऑपरेशन. एकाच वेळी सगळं दुरुस्त होतं. मेव्हण्याला पडद्यात छिद्र निघालं, म्हणून ओपन. हाड जुळेपर्यंत तीन महिने स्कूटर बंद, खोकताना उशी छातीशी.

नुसतं फुटलेल्या फुग्याचं भोक असेल तर मीही डिव्हाइसच म्हणेन. मात्र नंतर गळती उरली तर लाल पेशी फुटून लघवी कोका-कोलाच्या रंगाची होऊ शकते, तेवढं लक्ष ठेवा. आणि हो, ताप असेल तर आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी) झालंय का विचारा.