वाचनालयाचा रॅम्प की घसरगुंडी?

कुबडीवाला:
मी पोलिओवाला. दोन्ही पायांत कॅलिपर (आधाराच्या पट्ट्या), लांब जायचं तर तीनचाकी. आमच्या गावच्या वाचनालयाला सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या. इतकी वर्षं शिपाईमामा पुस्तक पायरीवर आणून देत. पण ते आणतील ते वाचायचं! कपाटापुढे रेंगाळून चार पुस्तकं चाळायची, मग पाचवंच घ्यायचं, ते कधी जमलंच नाही.

गेल्या महिन्यात रॅम्प झाला. लांबी सहा फूट, वर चकचकीत फरशी. उद्घाटनाचा नारळ माझ्याच हातून फोडला आणि मागून दोघांनी तीनचाकी ढकलत वर नेली. (फोटोत ते दोघे नाहीत.) उतरताना ब्रेक दाबूनही गाडी घसरत होती. समिती म्हणते, "केला ना रॅम्प, आता आणखी काय?" समोर गटारापर्यंत जेमतेम दहा फूट जागा आहे. काय सुचवू?

ओळंबा:
बांधकामात आहे म्हणून सांगतो. उतार 1:12 हवा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. तुमची चढण 24 इंच, तेव्हा 24 फूट लागतील. सरळ गटाराकडे काढू नका. दर्शनी भिंतीला लगटून 12 फूट, मग पाच फुटांचा सपाट टप्पा, तिथून वळून परत 12 फूट. रुंदी चार फूट धरा. दोन्ही बाजूंना कठडा. ती फरशी मात्र उखडाच, खडबडीत दगड बसवा.

पांढरी काठी:
मला दिसत नाही, उतार मला फारसा नडत नाही. नडतात त्या रॅम्पच्या तोंडाशी लावलेल्या मोटारसायकली. त्याचंही आत्ताच ठरवून घ्या.

माजी सदस्य:
"उपकार केला" हा सूर चालू देऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 45 दाखवा. लोकांच्या वापरातल्या जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत होती. ती मोजायची कायद्याचे नियम निघाल्यापासून; नियम 2017 चे, म्हणजे ती 2022 लाच संपली. खर्चाचं रडगाणं लावलं तर ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठीच्या 5 टक्के निधीबद्दल विचारा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

कुबडीवाला:
पुतण्याला टेप धरायला लावून मापं घेतली. दर्शनी भिंत 21 फूट भरली, रॅम्प बसतोय! फक्त अध्यक्षांची स्कूटर लावायची जागा त्यात जाते. सोमवारी बैठक आहे, खाली व्हरांड्यात घ्या म्हणून कळवलंय.