‘कॅल्शियम संदेशवहन’ म्हणावं की आणखी काही?

परभणीहून विचारणा

बी.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढायलोय, आणि पॅरामेशियम या तळ्यातल्या एकपेशी जिवापाशी अडलोय. पोहता पोहता ते अडथळ्यावर आदळतं, थोडं मागं सरतं, तोंड वळवतं आणि पुन्हा पुढं निघतं. आदळल्यावर पेशीत कॅल्शियम शिरतं, त्यानं हे घडतं. या प्रकाराला ‘संदेशवहन’ लिहावं, ‘संकेतन’ लिहावं, की आणखी काही? दुसरं म्हणजे ज्या बारीक केसांनी ते पोहतं, त्यांचा ‘पक्ष्माभिका’ हा शब्द मुलांच्या जिभेवर बसत नाही. ‘पक्षमाभिका’ म्हणतात आणि पक्ष्याच्या पंखाशी जोडतात.

नांदेडहून

सर, पक्ष्माभिका टाकू नका, फोड करून सांगा. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, त्यासारखी ती पक्ष्माभिका. लॅटिनमधल्या सिलियमचा अर्थही पापणीच. एकदा पापणी म्हटलं की चित्र डोळ्यासमोर येतं आणि शब्द आपोआप बसतो.

‘संदेशवहन’ मात्र मला पटत नाही. संदेश वाहणाऱ्याच्या तोंडी मजकूर असतो. आपल्याकडं सांगावा घेऊन आलेला माणूस ‘लग्न ठरलं, या’ असं सांगतो. कॅल्शियमच्या तोंडी काहीच नसतं. त्याचं आत येणं हीच खूण, आणि त्या खुणेचा अर्थ ज्याचा त्यानं लावायचा. पक्ष्माभिकेत कॅल्शियम वाढलं की ती उलट्या दिशेनं वल्हवू लागते. पॅरामेशियमच्या कडेला ट्रायकोसिस्ट नावाचे बारीक बाण असतात, ते कॅल्शियम वाढलं की बाहेर फेकले जातात. व्हॉर्टिसेला या दुसऱ्या एकपेशी जिवाचा देठ कॅल्शियम मिळताच स्प्रिंगसारखा आखडतो, आणि त्या आखडण्याला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधनसुद्धा लागत नाही. कॅल्शियम तेच, अर्थ तीन. म्हणून मी ‘कॅल्शियमचा इशारा’ म्हणेन.

लातूरहून

इशारा म्हटलं की पेपरातला ‘सतर्कतेचा इशारा’ आठवतो, म्हणजे धोक्याची सूचना. शिवाय शब्द अरबी. परिभाषा संस्कृतातून घडवायची ठरलीय ना? ‘संकेत’ काय वाईट आहे?

नांदेडहून

संकेत वाईट नाही, ताई. संकेत म्हणजे आधी ठरलेली खूण, आणि इथं तसंच आहे. पण ‘संकेतन’ केलं की शब्द कागदावरच राहतो, असं कुणी बोलत नाही. अरबीचं म्हणाल, तर आपला मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूतून शिकवलं जायचं. ‘इशारा’ आपल्याला परका नाही, शेतात गड्याला हातानं करतो तोही इशाराच.

धोक्याची छटा मात्र खरी आहे, आणि ती टाळूही नये. जायकवाडीचे 27 दरवाजे बघा. बाहेर पाणी दाटलेलं, दरवाजा उचलला की ते स्वतःच्या दाबानं धावतं. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण दहा हजार पटींनी कमी असतं. आदळल्यावर पटलावरचा विद्युत दाब बदलतो, पक्ष्माभिकांच्या पटलावरची कॅल्शियमची दारं उघडतात आणि ते आत घुसतं. फरक एवढाच, की गोदाकाठच्या गावांना इशारा आधी मिळतो आणि पाणी मागून येतं. इथं येणारं पाणी हाच इशारा. मागच्या टोकाला स्पर्श झाला तर मात्र पोटॅशियम बाहेर पडतं आणि पॅरामेशियम पुढं जोरात पळतं.

म्हणून ‘कॅल्शियम वाहिनी’ऐवजी मी ‘कॅल्शियमचं दार’ म्हणतो. वाहिनी सदा वाहती वाटते. उघडणं आणि मिटणं, दोन्ही दारातच येतं.

परभणीहून

दार आवडलं. पण इशारा समजणं आणि दार उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना कशावरून पटवू?

नांदेडहून

‘प्यादं’ सांगा. 1971 मध्ये चिंग कुंग यांनी पॅरामेशियमचे असे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले जीव, वेगळे काढले, जे मागं सरतच नाहीत. बुद्धिबळातलं प्यादं मागं फिरत नाही, म्हणून त्यांचं नावच प्यादं ठेवलं. दरम्यान नाइतो आणि कानेको यांनी 1972 मध्ये डिटर्जंटनं पॅरामेशियमचं पटल निकामी केलं आणि एटीपी पुरवलं. कॅल्शियम एक मायक्रोमोलर या अगदी थोड्या प्रमाणाच्या खाली असेल तर ते पुढं पोहायचं, वर गेलं की मागं. पुढं हाच प्रयोग प्याद्यावर केला, तर तेही मागं पोहलं! त्याच्या पक्ष्माभिकांना इशारा कळत होता, दारच उघडत नव्हतं. या जागी ‘संदेशवहन बिघडलं’ लिहिलं असतं, तर नेमकं काय बिघडलं ते कळलंच नसतं.

लातूरहून

हे पटलं. तरी मथळ्यात ‘संकेत’ आणि आत ‘इशारा’ असं ठेवा. परीक्षेत मुलांचं अडायला नको.

परभणीहून

तसंच करतो, ताई. काल तळ्याच्या पाण्यात कडबा कुजवून केलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. मानवतच्या एका पोरीनं डोळा लावला आणि ओरडली, “सर, हे मागं सरायलंय!” टिपणात त्या पानावर ‘प्रतिगामी गती’ लिहिलं होतं. ते खोडून ‘मागं सरणं’ केलंय.