पाप कबूल केलंय तरी प्रार्थनेत पूर्वीसारखं सामर्थ्य का नाही?

कोरडा_झरा
सलाम सगळ्यांना. लिहू की नको असं खूप दिवस चाललं होतं, आज लिहितोच. मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत (चर्चमध्ये) तरुण संघ बघतो, बुधवारची प्रार्थना सभा पण माझ्याकडेच असते. पूर्वी प्रार्थनेला उभा राहिलो की शब्द आतून यायचे, लोक नंतर येऊन हात धरून रडायचे, आता सगळं तोंडपाठ चाललंय, वचन वाचतो समजावतो घरी येतो आणि आतून एकदम कोरडा.

कारण मला माहितेय. 2016 ला हार्वेस्टच्या, म्हणजे मंडळीच्या सुगीच्या सणाच्या, लिलावाचे पैसे माझ्याकडे होते आणि त्यातले 6,200 मी वहीत दाखवलेच नाहीत. आईचा दवाखाना चालू होता, पगार झाला की परत ठेवू म्हटलं आणि ते राहूनच गेलं. एका आजीनं परसातला भोपळा आणला होता, बोली वाढत वाढत 500 ला गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आजीनं पदर तोंडाला लावला, आणि नेमकी तीच पावती मी फाडली नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी मला तो भोपळा दिसतो.

देवाजवळ शंभरदा कबूल केलंय, 1 योहान 1:9, पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो, हे वचन तर पाठच आहे. मग क्षमा झाली ना? मग हे असं का? आणि इतक्या वर्षांनी सगळ्यांसमोर सांगायलाच पाहिजे का? आई अजून आहे, तिला कळलं तर खचून जाईल.

केडगावची_मावशी
बाळा, वाचून पोटात तुटलं. आधी हे सांगते की देवाने तुला सोडलेलं नाही, सोडलं असतं तर भोपळा दिसलाच नसता.

मी केडगावच्या बाजूची, मुक्ती मिशनच्या, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमाच्या, गोष्टी ऐकतच मोठी झाले. 1905 च्या जानेवारीपासून पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायचं ठरवलं, सुरुवातीला सत्तरेक जणी होत्या आणि जूनपर्यंत पाचशेच्या वर गेल्या. जूनच्या शेवटी रमाबाई बायबलमधला योहान 8 शिकवत होत्या आणि मुली रडायलाच लागल्या, एकेक जण आपापली पापं बोलून दाखवायला लागली, शिकवणं तिथंच थांबलं. नंतर त्याच मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जायच्या. सामर्थ्य सामर्थ्य म्हणतो ना आपण, ते तिथं रडण्याच्या मागून आलं. दावीद राजाचं पण तसंच बघ, स्तोत्र 51 मध्ये आधी तारणाचा आनंद परत दे म्हणतो आणि मग पुढच्या ओळीत, मी अपराध्यांना तुझे मार्ग शिकवीन. तू आनंद नसताना शिकवत बसलायस रे, म्हणून दमलायस.

निवृत्त_पाळक
मावशींशी सहमत, पण तुमच्या नेमक्या प्रश्नाला धरून बोलतो. क्षमा ख्रिस्ताच्या रक्ताने होते, 6,200 रुपयांनी होत नाही, हे पक्कं धरून ठेवा. पण पैसे मंडळीचे होते आणि कबुली फक्त देवाजवळ दिली, म्हणजे निम्म्याच वाटेवर थांबलात. पाप जिथपर्यंत गेलं तिथपर्यंत कबुलीने जायला पाहिजे. बायबलमधला जकातदार जक्कय येशूला घरी घेऊन गेला एवढ्यावर थांबला नाही, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देतो म्हणाला, आणि येशूने त्याच्या घरी तारण आलं असं म्हटलं.

कोरियातलं उदाहरण तर हुबेहूब तुमचंच आहे. 1907 च्या जानेवारीत प्योंगयांगला मोठ्या सभा चालल्या होत्या पण काहीतरी अडल्यासारखं होतं. तिथल्या मंडळीचे एक एल्डर (वडीलधारे पदाधिकारी), किल सन-जू, उभे राहिले आणि म्हणाले की मीच आखान आहे (बायबलमध्ये लुटीतला माल चोरून लपवणारा), मेलेल्या मित्राने मालमत्ता सांभाळायला दिली होती त्यातले विधवेचे शंभर डॉलर मी ठेवून घेतले, उद्या सकाळी परत करणार. त्यानंतर लोक थांबेचनात, रात्र रात्र कबुल्या चालल्या. आणि ते पदावरून उतरले असंही नाही, त्याच वर्षी पहिल्या सात कोरियन प्रेस्बिटेरियन पाळकांत त्यांची दीक्षा झाली.

मात्र त्यांनी सभेत सांगितलं म्हणून तुम्ही पण माइक घ्या असं मी म्हणणार नाही. माझ्या सेवेत मी घाईने दिलेल्या जाहीर साक्षींनी घरं मोडलेली पाहिली आहेत. खजिनदार आणि पाळकसाहेब यांच्याजवळ पैसे घेऊन जा, पुढे मंडळीला सांगायचं का ते त्यांना ठरवू द्या. त्यांनी काही महिने सेवा थांबवायला सांगितली तर निमूट थांबा.

पणजीकर
मी कॅथलिक, आमच्याकडे फादरजवळ पाप कबूल करण्याला कुमसार म्हणतात. फादर बाहेर कुणाला सांगू शकत नाहीत, पण चोरलेलं परत करायला सांगतातच, नुसत्या प्रार्थना म्हणून सुटका नाही. त्यामुळे वरच्या काकांचं पटलं.

एक गोष्ट मात्र वेगळी वाटते. कोरडेपणा नेहमी पापामुळेच येतो असं नाही, मदर तेरेसांना कितीतरी वर्षं आत अंधारच जाणवत होता आणि सेवा चालूच होती. तेव्हा भाऊ, पैसे दिल्यावर दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखं रडू आलं नाही तर क्षमाच झाली नाही असं समजू नका. परत द्यायचे ते दुसऱ्याचे आहेत म्हणून, बदल्यात काही मिळावं म्हणून नाही.

कोरडा_झरा
सगळ्यांचे मनापासून आभार. पणजीकर भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य लागलं, कारण मी खरंच सामर्थ्य परत मिळावं म्हणूनच कबुली देत होतो इतकी वर्षं.

शनिवारी खजिनदार काकांकडे गेलो. पाकिटात 10,000 होते. सांगताना घसा एवढा दाटला की दोनदा पाणी मागितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आतून जुनी वही आणली, 2016 चं पान काढलं आणि म्हणाले, लिही तुझ्या हाताने. मी लिहिलं, भोपळा, 500. बाकीचं पण लिहिलं. पाळकसाहेबांनी ईस्टरपर्यंत बुधवारची सभा दुसऱ्याकडे दिलीय. मंडळीसमोर अजून काही ठरलं नाही, पंच बसतील तेव्हा मी असेन.

आईला रात्री सांगितलं. ती म्हणाली, माझ्या औषधाचे होते तर मला का नाही सांगितलंस, आणि मग आम्ही दोघंही स्वयंपाकघरात बसून प्रार्थना केली, तीच करत होती, मला एक शब्द फुटला नाही. त्या आजी मागेच प्रभूकडे गेल्या. त्यांच्या मुलाकडे रविवारी जातोय.