ताग आणि काच: खरी अडचण जोडात आहे
पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये तागाबरोबर काचेचे तंतू घातले की ताकद आपोआप वाढते, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. काच भार पेलते खरी, पण तो तिच्यापर्यंत पोचायला प्लास्टिकने तंतूला घट्ट धरलेलं हवं. तागावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, त्यामुळे तागाला पाण्याची ओढ. पॉलिप्रॉपिलीनला पाण्याचं वावडं, त्यामुळे दोघं नीट चिकटत नाहीत. म्हणून मॅलेइक अॅनहायड्राइड हे रसायन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं मिसळतात. ते तागाशी एस्टर नावाचा रासायनिक बंध करतं आणि त्याची साखळी मूळ प्लास्टिकमध्ये गुंतते. काचेवर सिलेनचा (काच आणि प्लास्टिक जोडणाऱ्या सिलिकॉनयुक्त रसायनाचा) लेप असतो, पण तोही त्याच प्लास्टिकला जुळणारा निवडावा लागतो.

तुकडा मोडून तुटलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली जरूर बघा. तंतू स्वच्छ उपसून आलेले आणि शेजारी रिकामी भोकं दिसली, तर पकड कच्ची. तंतूंना प्लास्टिक चिकटून आलं असेल, तर जोड जमलाय. आणि ताग आधी नीट वाळवाच. ओल राहिली की साच्यात वाफेच्या पोकळ्या होतात.