अनुभव धागा : साइटवरचा अपघात आणि त्यानंतर तयार झालेले कागद

मी बावीस वर्षे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या इमारतींवर साइट सुपरवायझर म्हणून काढली. माणूस कसा पडला हे साइटवर सगळ्यांना ठाऊक असते, परंतु कागदावर ते लिहितो कोणी तिसराच, आणि जखमी माणसाचे किंवा त्याच्या घरच्यांचे पुढची तीन-चार वर्षे भांडण चालते ते त्या कागदाशी, हे मी या काळात पुन्हा पुन्हा पाहिले. म्हणून हा धागा काढत आहे. आपल्या किंवा घरातल्या माणसाच्या अपघाताबद्दल लिहावे. काय घडले, पहिल्या दिवशी कोणी काय लिहून घेतले आणि शेवटी हातात काय पडले, एवढे तरी यावे. बिल्डर, ठेकेदार, दवाखाना किंवा अधिकारी यांपैकी कोणाचेही नाव लिहू नये. माझाही एक अनुभव आहे; तो मी शेवटी लिहीन, कारण त्यात पेन माझ्याच हातात होते.

सेंट्रिंग मिस्त्रीची पत्नी, पिंपरी-चिंचवड

२०२१च्या पावसाळ्यात माझे यजमान तिसऱ्या मजल्यावर सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबचा तात्पुरता साचा, खोलत होते. डक्टच्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या, तोंडावर प्लायचा एक तुकडा नुसता टाकून ठेवलेला होता. तो खिळ्यांनी ठोकलेला नव्हता, आणि आजूबाजूच्या प्लायसारखाच शटरिंग ऑइलने काळा पडलेला असल्यामुळे त्याच्याखाली पोकळी आहे हे वरून कळण्यास काही मार्ग नव्हता. खांद्यावर लोखंडी प्रॉप घेऊन त्यांनी त्यावर पाय ठेवला आणि ते पहिल्या मजल्यावर जाऊन पडले. दोन्ही टाचा आणि पाठीचा एक मणका मोडला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा मुकादम डॉक्टरांना माहिती देत होते आणि डॉक्टर लिहून घेत होते, ‘राहत्या घरी जिन्यावरून पाय घसरला’. मी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमचे घर म्हणजे पत्र्याची एक खोली आहे. तिला जिनाच नाही.” डॉक्टरांनी एकदा मुकादमांकडे पाहिले, ती ओळ खोडली, बाजूला स्वतःची सही केली, ‘कामाच्या ठिकाणी उंचावरून पडून’ असे लिहिले आणि एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद करून पोलीस चौकीला कळवले. त्या वेळी मला एमएलसी म्हणजे काय हेही माहीत नव्हते. मला फक्त खोट्याचा राग आला होता.

पहिले दोन आठवडे मुकादमांनी औषधांचे पैसे आणि घरखर्चाला खर्ची दिली. नंतर त्यांनी फोन उचलणे बंद केले. आम्ही नुकसानभरपाईचा अर्ज केला तेव्हा छोट्या ठेकेदाराने ‘हा माझा माणूसच नाही’ असे उत्तर दिले, मोठ्या ठेकेदाराने छोट्याकडे बोट दाखवले आणि बिल्डरने दोघांकडे. यजमानांना सवय होती म्हणून निभावले : दर शनिवारी मुकादमांच्या लाल वहीतल्या आपल्या हजेरीच्या पानाचा ते मोबाइलवर फोटो काढून ठेवत, कारण पूर्वी दोनदा त्यांच्या हजेऱ्या कापल्या गेल्या होत्या. त्यात नऊशे रुपये रोज स्पष्ट दिसत होता, आणि खर्ची फोनवरच जमा होत असल्याने बँकेच्या उताऱ्यात तारखाही जुळल्या.

खरा वाद झाला तो अपंगत्वाच्या टक्क्यावर. शासकीय रुग्णालयाच्या दाखल्यावर ४० टक्के होते. समोरच्या वकिलांचे म्हणणे होते की तेवढेच धरावे. आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९७५चा एक निकाल वाचून दाखवला. त्यात कोपराच्या वरून डावा हात गेलेला एक सुतार होता, आणि एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असे न्यायालयाने धरले होते. शरीर किती टक्के मोडले हा एक प्रश्न आणि त्या शरीराने तोच धंदा किती होईल हा दुसरा, हे मला तिथे बसून कळले. आमच्या डॉक्टरांनी साक्षीत सांगितले की हा माणूस शिडी चढू शकणार नाही, वजन उचलू शकणार नाही आणि उकिडवा बसू शकणार नाही. आयुक्तांनी, म्हणजे ते काम पाहणाऱ्या न्यायाधीशांनी, ७० टक्के धरले.

हिशेब असा झाला. मजुरी महिन्याला बावीस-तेवीस हजार पडत असली तरी कायद्याने १५,०००च्या वर धरता येत नाही. त्याचे साठ टक्के म्हणजे ९,०००, त्याला पस्तीस वर्षे वयाचा गुणक १९७.०६, गुणाकार १७,७३,५४० रुपये, आणि त्याच्या सत्तर टक्के १२,४१,४७८. यावर वर्षाला १२ टक्के व्याज. निकालास तीन वर्षे लागली. यजमान आता एका गोदामाच्या दारावर बसतात. हातोडी मात्र अजून घरात खिळ्याला टांगलेली आहे आणि ती कोणाला देऊ देत नाहीत.

कामगार न्यायालयात काम करणारा वकील, नाशिक

वहिनींनी लिहिलेल्या गुणकाबद्दल अनेकांनी विचारले म्हणून थोडे स्पष्ट करतो. १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात प्रत्येक वयासाठी ठरलेला आकडा आहे. वय वाढते तसा तो उतरतो, पंचविसाव्या वर्षी २१६.९१ आणि पन्नासाव्या वर्षी १५३.०९. मृत्यू झाल्यास मजुरीच्या पन्नास टक्क्यांना आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वात साठ टक्क्यांना त्याने गुणायचे. मजुरीची मर्यादा ३ जानेवारी २०२०पासून १५,००० आहे. त्याआधी ती ८,०००वर होती. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च या हिशेबाच्या बाहेर, वेगळा मागता येतो, आणि तो मागायचे राहून जाते असे मी फार वेळा पाहिले आहे.

छोटा ठेकेदार पळाला तरी ज्याच्या धंद्याचे काम चालू होते त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांच्यातला प्रश्न. अर्जाची मुदत दोन वर्षांची आहे. उशिराला सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाचा दावा आणि आयुक्तांकडे अर्ज, हे दोन्ही एकाच इजेसाठी चालत नाहीत. कोणता रस्ता धरायचा ते आधी ठरवावे. आयुक्तांपुढे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, काम करताना व कामामुळे इजा झाली एवढे पुरते, म्हणून बहुतेकांसाठी तोच बरा.

२१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असून भरपाईचा भाग आता तिच्या सातव्या प्रकरणात आहे. घरून कामावर जाता-येता झालेल्या अपघाताचाही तिच्यात विचार आहे, पण त्याचा कामाशी संबंध दाखवावा लागतो.

शाळामास्तर, नांदेड जिल्हा

माझा धाकटा भाऊ पंचवीस वर्षांचा होता. ठाण्याकडे एका इमारतीच्या बाहेरच्या प्लास्टरचे काम चालू असताना परांचीची फळी सरकली आणि तो जागीच गेला. त्याची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तेराव्याला ठेकेदार स्वतः गाडी घेऊन गावात आले, वडिलांच्या पायाजवळ बसले, रडलेही, आणि जाताना तीन लाख रुपये रोख देऊन पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर वडिलांचा अंगठा आणि भावजयीची सही घेऊन गेले. मजकूर मी वाचला होता. ‘यापुढे आमची कोणतीही तक्रार अथवा मागणी राहणार नाही.’ मी शिकलेला माणूस. तरी मला वाटले की सही झाली म्हणजे विषय संपला.

वीस महिन्यांनी एका कामगार कार्यकर्त्याने तो कागद पाहिला आणि सांगितले की, मृत्यूच्या प्रकरणात मालकाने पैसे आयुक्तांकडे जमा करायचे असतात, परस्पर वारसांच्या हातात दिले तर ते भरपाई म्हणून धरले जात नाहीत, तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल तेवढी वजा होते. आणि भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने मुळातच रद्द असतो. आम्हाला ठाण्याला हेलपाटे घालावे लागले नाहीत, कारण वारस राहतात त्या भागातही अर्ज करता येतो. मजुरी १५,००० धरून मूळ रक्कम १६,२६,८२५ ठरली. त्यातला मुलीचा हिस्सा बँकेत ठेव म्हणून ठेवण्याचा आदेश झाला. वडिलांनी आधी त्याला नाके मुरडली, पण आज मला तो आदेश फार शहाणपणाचा वाटतो.

ठेकेदाराचे ते रडणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. स्टॅम्प पेपर मात्र त्यांनी निघतानाच सोबत घेतला होता.

बिगारी काम करणारी बाई. मुलीने लिहून दिले आहे

आमच्याकडे नवरा-बायकोची ‘जोडी’ लावतात. हजेरी नवऱ्याच्या नावावर पडते आणि वहीत बाईचे नाव येतच नाही. माल चढवायच्या लिफ्टच्या तारेत आईच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कायद्याच्या तक्त्यात एका हाताच्या दोन बोटांना २० टक्के लिहिले आहे असे मी नंतर वाचले, पण आई त्या साइटवर कामाला होती हे दाखवणारा एकही कागद आमच्याजवळ नव्हता, आणि बाबांना त्याच ठेकेदाराकडे काम हवे होते. दवाखान्याचे बिल ठेकेदारांनी भरले. बाकी काही मिळाले नाही.

आता आईची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे वेगळी नोंदणी केली आहे. त्यासाठी लागणारा, वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला द्यायला ठेकेदार तयार नव्हते. तो शेवटी गावच्या ग्रामसेवकांनी दिला. ज्यांच्या घरी जोडी लागते त्यांनी बाईच्या नावाचे कार्ड अगोदर करून घ्यावे.

लेबर कॅम्पमध्ये राहणारा फिटर, पुणे

२९ जून २०१९ला कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून पंधरा जण गेले, त्यानंतर आमच्या ठेकेदाराने आमच्या पत्र्याच्या खोल्या भिंतीपासून दहा फूट मागे घेतल्या. दोन वर्षांनी साहित्य ठेवायला जागा हवी म्हणून त्या पुन्हा भिंतीला लागल्या. माझा प्रश्न वकीलसाहेबांना आहे : झोपेत भिंत पडली तर आम्ही कामावर होतो असे धरतात का?

नाशिकचे वकील, उत्तरादाखल

सरसकट होय म्हणता येणार नाही. तिथे राहणे ही कामाचीच अट होती का, खोल्या मालकाने बांधून दिल्या होत्या का आणि रात्री-अपरात्री काँक्रीटची गाडी आली की तुम्हाला उठवत का, हे पाहिले जाते. उठवत असतील तर त्या फोनकॉलच्या नोंदी जपून ठेवा.

धागा काढणारा

आता माझे. पाचव्या मजल्याच्या परांचीवरून एक गवंडी पडला आणि कमरेपासून खाली लुळा झाला. मी संध्याकाळी अपघाताच्या अहवालात लिहिले, ‘कामगाराने सेफ्टी बेल्टचा वापर केला नाही.’ वरून तसा निरोप होता, आणि मलाही त्या वेळी ते अगदीच खोटे वाटले नव्हते. वास्तविक बेल्ट त्याच्या अंगावर होता. मी खाली धावत गेलो तेव्हा पाहिले होते की त्याचा हुक त्याने स्वतःच्याच कमरेच्या कडीत अडकवलेला होता, कारण तपासणीला साहेब आले की बेल्ट अंगावर दिसला पाहिजे असे आम्हीच सांगत असू, आणि वर अडकवायला दोर, म्हणजे लाइफलाइन, कुठे बांधलेलाच नव्हता.

चौदा महिन्यांनी मला कंपनीचा साक्षीदार म्हणून उभे केले. आमच्या वकिलांनी आधी एक मुद्दा असा काढला होता की तो दारू प्यायलेला होता. तो मुद्दा पुढे गेला नाही, कारण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर दारूचा किंवा मुद्दाम नियम मोडल्याचा बचाव मालकाला घेताच येत नाही. मग माझा अहवाल वाचून दाखवला गेला. उलटतपासणीत समोरच्या वकीलबाईंनी बेल्टबद्दल काहीच विचारले नाही. त्यांनी विचारले, “त्या दिवशी पाचव्या मजल्यावर लाइफलाइन कोणत्या ठिकाणी बांधलेली होती?”

मी म्हणालो, “बांधलेली नव्हती.” न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला सांगितले, त्याने टाइप केले, आणि मी खाली सही केली. दुसऱ्या दिवशी मला साइटवर येऊ नका असा फोन आला.