घर थंडीत बघावं की थंडी सरेपर्यंत थांबावं?

उंबरठा :
माझं मत स्पष्ट आहे. घर घ्यायचं असेल तर ते ऐन थंडीत बघा. "हिवाळा जाऊ द्या, मग भरपूर घरं निघतील" असं सगळे सांगतात. निघतात खरी, पण तेव्हा एकेका घरावर दहा जण तुटून पडतात आणि विचार करायला रात्रभराचीही सवड मिळत नाही. थंडीत विकणारा भावाबद्दल निवांत बसून बोलतो.

पण भावापेक्षा मोठं कारण वेगळंच आहे. मागच्या हिवाळ्यात एक घर पाहिलं, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. झोपायच्या खोलीतलं कपाट वीतभर पुढे ओढायला सांगितलं, तर मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढी काळी बुरशी. बाहेरच्या भिंतीचा कोपरा सगळ्यात गार आणि कपाटामागे हवा खेळत नाही. त्यामुळे घरातल्या हवेतली वाफ तिथे साकळते. उन्हाळ्यात तोच कोपरा कोरडा ठणठणीत दिसला असता! खिडक्यांपाशी उदबत्ती धरून बघा, फट असेल तिथे धूर लगेच वाकतो.

चुनागच्ची :
हे अर्धंच घर पाहणं झालं. बर्फ पडतो तिथे छप्पर, अंगण, पाण्याचा निचरा, सगळं बर्फाखाली. बर्फ नसेल आणि हिवाळा कोरडा असेल, तर गळती दिसणार कशी? एसी कडक थंडीत चालवून बघता येत नाही, कॉम्प्रेसर बिघडू शकतो. म्हणजे घर तपासणारा माणूस "तपासला नाही" एवढंच लिहून देतो आणि पहिल्या उन्हाळ्यात खर्च तुमच्या गळ्यात.

विकणाऱ्याचे हाल तर विचारूच नका. लोक काम आटोपून येतात तेव्हा अंधार पडलेला असतो. घर महिनोन्महिने पडून राहिलं की नंतर येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "यात काही खोट आहे का?" शिवाय मुलांचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर असेल, तर बरीच कुटुंबं फिरकतच नाहीत.

किल्ली :
मी थंडीतच विकलंय, बदली झाली म्हणून. बघायला तिघंच आले, पण हौशे-गवशे एकही नाही. तिघांनाही घर खरोखर हवं होतं आणि दुसऱ्यानेच इसार दिला. बघायची वेळ मी अकरा ते तीनचीच द्यायचे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसाच्या माध्यान्ही सूर्याच्या उंचीत 47 अंशांपर्यंत फरक पडतो. त्यामुळे सूर्याकडे तोंड असलेल्या खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत यायचं. ते ऊन बघून घर बघायला आलेले तिथेच बसले, उठेनात. बागेचे उन्हाळ्यातले फोटो मी टेबलावर ठेवले होते.

चुनागच्ची :
आणि किंमत? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तुम्हाला ती होती, तरी थोडं सोडावं लागलंच असेल.

किल्ली :
लागलं, खोटं कशाला बोलू. पण चार महिने थांबले असते तर रिकाम्या घराचे हप्ते मलाच भरायचे होते. वर नळ गोठायची धास्ती. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. रिकाम्या घरात पाइप फुटला तर कळणार कुणाला? हिशेब मांडूनच विकलं.

उंबरठा :
गळतीचा मुद्दा मान्य. तरी छताला पिवळट कडेचा डाग दिसला, तर जुनी गळती आहे हे कोरड्या दिवसातही कळतं. म्हणूनच मी घर दोनदा बघतो, एकदा दुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर. रात्री हीटर लावून तासभर थांबलं, की कुठली खोली तापत नाही ते कळतं. वसंतात हे कोण करून बघतं?

चुनागच्ची :
डाग रंगाखाली गेला की संपलं. बर्फ वितळल्यावर छप्पर आणि उन्हाळा लागला की एसी तपासू, तोवर ठरावीक रक्कम रोखून ठेवू, ही अट करारात घाला. विकणारा त्याला तयार असेल तर थंडीतही घ्या. नसेल तर मी थांबेन, घर हातचं गेलं तरी चालेल.