मदत हवी आहे: टक्कर व्हायच्या आधीच दीर्घिका उधळतायत

जुनाखजिनदार:
राजेंद्रनगर, इंदूर. यंदा गणपतीत मुलांसाठी पडद्यावर दोन दीर्घिकांची टक्कर दाखवीन, असं मंडळाला हौसेनं कबूल करून बसलोय. बँकेतून निवृत्त, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा भाचीकडून शिकलो, तिच्यातच हा प्रोग्रॅम लिहितोय. चूक अगदी बाळबोध असली तरी बिनधास्त सांगा.

१९४१ साली होल्मबर्ग या खगोलशास्त्रज्ञानं संगणकाशिवाय, ताऱ्यांच्या जागी ७४ दिवे टेबलावर मांडून हेच केलं होतं. उजेड आणि गुरुत्व दोन्ही अंतराच्या वर्गाच्या हिशेबानं घटतात, म्हणून उजेड मोजला की ओढ कळली. ते वाचून मला चेव आला.

दोन्हीकडे २००० तारे, म्हणजे दर पायरीला (वेळ थोडा पुढे सरकवून केलेला एक हिशेब) एकमेकांना ओढणाऱ्या ताऱ्यांच्या सुमारे ८० लाख जोड्या. एका पायरीला पंधरा सेकंद. रात्रभर २००० पायऱ्या चालवल्या, सकाळी चहा घेऊन बघतो तर दोन्ही दीर्घिकांच्या तबकड्या फुटाण्यासारख्या उडालेल्या! एकूण ऊर्जा स्थिर राहायला हवी, ती वाढतच गेलीय. कुठे चुकतंय?

अर्धवटखगोल:
काका, चार हजार राहू द्या. एका जड केंद्राभोवती एकच तारा फिरवा. वर्तुळाची टोकं जुळली नाहीत तर दोष पायरीत आहे. आधी जागा बदलता की वेग?

जुनाखजिनदार:
आधी जागा. एकच तारा फिरवला, सराफ्यातली जिलबी निघाली! प्रत्येक फेरा आधीच्याच्या बाहेरून.

अर्धवटखगोल:
मग त्या दोन ओळी उलटवा. आधी वेग, मग त्या नव्या वेगानं जागा. एवढ्यानं ऊर्जा आटोक्यात राहते. शिवाय दोन तारे फार जवळ आले की ओढ बेसुमार वाढते आणि तारा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. म्हणून अंतराच्या वर्गात एक छोटी ठरावीक संख्या मिळवतात, त्याला सॉफ्टनिंग म्हणतात.

टेकडीवरून:
ते खरं, पण मंडळासाठी ताऱ्यांना वजन द्यायचंच कशाला? १९७२ मध्ये टूमरे बंधूंनी संगणकावर अशीच टक्कर घडवताना वस्तुमान फक्त दोन केंद्रांना दिलं, तारे नुसते ओढले जाणारे. तेवढ्यावर अँटेनी या एकमेकींवर आदळणाऱ्या खऱ्या दीर्घिकांसारख्या ताऱ्यांच्या लांब शेपट्या निघाल्या. ८० लाखांऐवजी ८००० हिशेब! मात्र दोघी मिसळून एक झालेल्या दिसणार नाहीत. त्यासाठी कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या पण ओढणाऱ्या द्रव्याचे, कणही घ्यावे लागतात. इलस्ट्रिस टीएनजी या विश्वाची नक्कल करणाऱ्या प्रकल्पातले लोक महासंगणकावर अब्जावधी कण घेऊन बसतात ते उगाच नाही.

जुनाखजिनदार:
पायरी आता चुटकीसरशी होते, तबकडीही शाबूत आहे. पण शेपटी येत नाही, नुसती थरथरते.

टेकडीवरून:
तारे उलटे फिरत असणार. पाहुणी दीर्घिका ज्या दिशेनं वळसा घालते त्याच दिशेनं फिरवा. सुरुवातीच्या वेगाचं चिन्ह बदला, झालं.

जुनाखजिनदार:
निघाली! पार पडद्याबाहेर गेली. आता पडदा मोठा मागवायचा की शेपटी आखूड करायची, ते रविवारच्या बैठकीत ठरेल.